केळीच्या खोडाचे अर्थकारण

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने त्यासाठी २०३० ची मुदत घातली होती; म्हणजे पाच वर्षे आधीच हे काम तडीस गेले. सरकारी योजना मुदतीआधी पुरी होण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच, त्यामुळे याबद्दल व्यक्त झालेले समाधान समजण्याजोगे आहे. तथापि या समाधानात एक साधा प्रश्न बाजूला पडला. ऊस, तांदूळ आणि मका यांपासून इंधन करण्यात आपण एवढी मजल मारली. मग जो माल कोणी खात नाही, ज्याला बाजारात भाव नाही, जो बांधावर कुजतो किंवा काडी लावून जाळला जातो, त्या शेतीच्या आणि शहराच्या अवशेषांपासून इंधन करण्याचा गाडा जागच्या जागी का रुतला आहे?

रसायनशास्त्राने आपल्यापुरते उत्तर केव्हाच दिले आहे. वनस्पतीचा कोणताही भाग हवाबंद टाकीत कुजवला की ज्वलनशील वायू मिळतो, आंबवला की मद्यार्क मिळतो, अपुऱ्या हवेत जाळला की कोळसा किंवा इंजिन चालवणारा वायू मिळतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा कोळशाच्या भट्ट्या पाठीशी बांधून आपल्या रस्त्यांवरून प्रवासी मोटारी धावल्याच होत्या. तेव्हा तंत्र अवगत नाही, ही सबब चालण्यासारखी नाही. अडले आहे ते हिशेबात, आणि हा हिशेब मंत्रालयापेक्षा एखाद्या गावात बसून मांडला तर अधिक स्पष्ट होतो.

असे एक गाव म्हणजे निर्मळ. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, आगाशी-अर्नाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ते लागते. शंकराचार्यांची म्हणून मानली जाणारी समाधी, तळे, कार्तिक वद्य एकादशीची यात्रा आणि होली क्रॉसचे चर्च यांमुळे हे नाव परिचित आहे. पण गावाचा संसार चालत आला तो वाड्यांवर. केळी, नारळ, पानवेल, फुले, भाजीपाला आणि त्यांना पाणी पुरवणाऱ्या विहिरी व बावखले, अशी या हरित पट्ट्याची पिढ्यानपिढ्यांची घडी आहे. आज तिला शहराने वेढले आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. त्यानंतर ती किती वाढली असेल याचा अंदाज सकाळच्या विरार लोकलमध्ये पाय ठेवू पाहणाऱ्या कोणालाही येईल. या शहराचा कचरा पूर्वेला गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याकडे जातो, तेथे त्याचे डोंगर होतात आणि ते डोंगर वरचेवर पेटतात. एकीकडे वाडीत पडलेले केळीचे खोड, दुसरीकडे कचराभूमीत धुमसणारी मंडईतली भाजी, आणि मध्ये काही किलोमीटरांचे अंतर.

वर्गात टाकाऊ वस्तूंच्या किमतीचा विषय चालला असता वाडीवरून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, केळीच्या खोडापासून गॅस होतो म्हणतात. मग आमच्याकडे कोणी करीत का नाही?” क्रमिक पुस्तकातल्या कित्येक प्रश्नांपेक्षा हा प्रश्न अधिक अर्थशास्त्रीय आहे, आणि त्याचे उत्तर देताना सुरुवात खोडापासूनच करावी लागते.

पाण्याचे भाडे

केळ एकदाच फळते. घड उतरवला की खोड तोडावे लागते. हे खोड दिसायला भरभक्कम, पण त्यात दहा भागांपैकी नऊ भागांहून अधिक पाणीच असते. समजा, १० किलो खोड जाळायचे ठरवले. त्यातल्या ९ किलो पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे ६२० किलोकॅलरी, म्हणजे एकंदर साडेपाच हजारांहून अधिक किलोकॅलरी उष्णता लागणार. उरलेल्या १ किलो सुक्या भागातून मिळणार साडेतीन ते चार हजार. व्यवहार सरळ तोट्याचा आहे. उन्हात वाळवावे म्हटले तर कोकणची दमट हवा, वर्षातले चार महिने पाऊस, आणि वाळवण पसरायला लागणारी जागा. ज्या वसईत जमिनीचा भाव चौरस फुटाने बोलला जातो, तेथे खोडे वाळत घालण्याइतकी चैन कोणाला परवडणार? कोठे दूर कारखाना काढून खोडे वाहून न्यावीत, तर १० टनांच्या ट्रकमध्ये ९ टन पाणी. शेतकऱ्याने किंवा कारखानदाराने भाडे भरायचे ते पाण्याचे.

सारांश, खोड जाळून उपयोग नाही आणि दूर नेऊनही नाही. ते बारीक करून, शेणात किंवा भाजीच्या अवशेषांत मिसळून, वाडीच्या जवळच कुजवले तर मात्र वायू मिळतो आणि पाणी अडचणीचे ठरत नाही, कारण टाकीत पाणी घालावेच लागते. ओल्या मालाला जवळची टाकी आणि सुक्या मालाला भट्टी, एवढे साधे तारतम्य पुष्कळ प्रकल्प अहवालांत आढळत नाही.

येथे दुसरी बाब पुढे येते. खोड टाकाऊ आहे असे आपण गृहीत धरतो. वाडीवाला तसे धरीत नाही. कापलेले खोड तो झाडांच्या बुंध्याशी घालतो. त्याने जमिनीत ओल राहते आणि केळीने उचललेले पालाश बऱ्याच अंशी जमिनीला परत मिळते. वाळलेल्या सोपाच्या पट्ट्यांनी भाजीच्या जुड्या आणि फुलांच्या माळा बांधल्या जातात. पालाशयुक्त खत भारत जवळजवळ संपूर्णपणे आयात करतो, हे ध्यानात घेतले तर खोड वाडीबाहेर नेणारा मनुष्य वाडीवाल्याकडून नकळत एक परदेशी खत फुकट घेऊन जात असतो. या उपयोगाची पावती कोणी फाडत नाही, म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत तो दिसत नाही. पण तो आहे, आणि खोडाची खरी किंमत शून्य नाही.

भाव नाही म्हणजे मोल नाही, या समजुतीने आपल्या भागात पूर्वीही तंटे झाले आहेत. पालघर जिल्हा २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्या जुन्या ठाणे जिल्ह्यात आणि कुलाब्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल होती. शेण, डहाळ्या, गवत, पालापाचोळा यांचे थर रोपाच्या जागेवर अंथरायचे आणि पावसाआधी ते जाळायचे. वनखात्याच्या दृष्टीने ही जंगलाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात खत होते आणि तणाचा बंदोबस्त होता. १८७८ च्या वन कायद्यानंतर हा वाद इतका चिघळला की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पालापाचोळा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्या काळी साम्राज्याच्या दप्तरापर्यंत पोचला होता. आज जैवइंधनाच्या उत्साहात तोच प्रश्न वेगळ्या वेषात परत येणार आहे, याची जाणीव असलेली बरी.

गोबरगॅसचा धडा

या प्रयोगांचा इतिहासही आपल्याकडे लहान नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ साली मैल्यापासून मिळवलेला वायू दिव्यांसाठी वापरल्याची नोंद आहे. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या टोपाचे संयंत्र सिद्ध केले आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मलमूत्र आणि शेण यांच्या सदुपयोगासाठी आयुष्य वेचले, देहूला डॉ. मापुसकरांनी शौचालयाला जोडलेली वायुसंयंत्रे उभी केली. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारही जागे झाले आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. अनुदाने मिळाली, संयंत्रे बांधली गेली, छायाचित्रे छापून आली. पुढे त्यांतली कित्येक बंद पडली.

का? १ घनमीटर वायूसाठी सुमारे २५ किलो ओले शेण लागते. कुटुंबाच्या स्वयंपाकाला २ घनमीटर धरले तर रोज ५० किलो, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्याकडे एकच गाय, त्याला संयंत्र नाही. आणि ज्याच्याकडे मुळीच नाही, त्याला पूर्वी रस्त्यावर फुकट मिळणारे शेणही मिळेनासे झाले, कारण आता त्याला मोल आले. अनुदान श्रीमंत शेतकऱ्याला आणि गोवऱ्यांची टंचाई गरिबाला, असा हा न्याय झाला, आणि त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञांनी तो दाखवूनही दिला होता. वाड्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडली. रहाट गेला आणि पंप आला. रहाट ओढणारे जनावर विकले गेले, त्याबरोबर शेण गेले, आणि मग वायूसाठी टाकी असली तरी तिच्यात घालायला काही उरले नाही. तोवर सिलिंडरही दारात येऊ लागला होता. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. विहिरीवर पंप बसवणाऱ्या माणसाने आपल्या स्वयंपाकघराच्या इंधनाचा विचार करून पंप नाकारावा, अशी अपेक्षा कोण करील?

शेणाच्या या मर्यादेवर पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की शेण म्हणजे जनावराने पोषक भाग काढून घेतल्यावर उरलेला चोथा. वायू निर्माण करणाऱ्या जंतूंना तोच चोथा घालण्याऐवजी पिष्ट आणि साखर असलेले खरकटे, नासकी फळे, पीठ असे पदार्थ घातले तर ४० किलो शेणाचे काम २ किलोंत होते. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेला अशा छोट्या संयंत्रासाठी २००६ साली आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी त्याआधी २००२ साली ॲशडेन पारितोषिक मिळाले. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्रही स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरच चालते. म्हणजे उत्तम कच्चा माल गोठ्यात नसून मंडईत, खाणावळीत आणि आपल्या घरच्या मोरीपाशी आहे. निर्मळच्या वाडीपेक्षा नालासोपाऱ्याची भाजीमंडई या दृष्टीने अधिक श्रीमंत म्हटली पाहिजे.

उसाला जमले ते इतरांना का नाही

मग इथेनॉल यशस्वी कसे झाले? त्याला तीन गोष्टी आयत्या मिळाल्या. पहिली, कच्चा माल गोळा करण्याचा खर्च आधीच साखरेच्या नावावर पडलेला होता. ऊस तोडून, बैलगाडीने आणि ट्रॅक्टरने कारखान्याच्या दारात आणण्याची यंत्रणा तोडणी कामगारांच्या घामावर उभी होतीच. मळी आणि बगॅस ही त्या दारातच मिळणारी दुय्यम उत्पादने. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघते, आणि तिच्यावर कारखान्याचा बॉयलर चालून शिवाय वीज विकता येते. दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक ठरलेले: सरकारी तेल कंपन्या. तिसरी, भाव ठरलेला: उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे, मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. इतकी हमी मिळाली तर मी म्हणतो कोणताही धंदा चालेल.

या हमीची किंमत मात्र दुसरीकडे चुकती करावी लागते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, हे वाहनधारकाला अनुभवाने कळते. ऊस महाराष्ट्राच्या थोड्या जमिनीवर होतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, हे मराठवाड्याला सांगण्याची गरज नाही. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. भर मक्यावर गेला, तर मका महागला. कोंबड्यांच्या खाद्याची ओरड सुरू झाली आणि एके काळी मका निर्यात करणाऱ्या देशाने २०२४ साली तो बाहेरून आणला. माणसाच्या ताटाची आणि मोटारीच्या टाकीची स्पर्धा लागली की जिंकणार कोण, हे मागणीच्या वक्ररेषेने आधीच ठरवलेले असते.

रसायनांचेही असेच आहे. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला मळीच्या मद्यार्कापासून रसायने तयार होत आली आहेत. बरेलीला तर १९६० च्या दशकात मद्यार्कापासून कृत्रिम रबर होत असे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी ॲसिटोन कमी पडले तेव्हा वाइझमन यांनी ते मक्याच्या आंबवणीतून काढले आणि १९१७ साली इंग्लंडच्या शाळकरी मुलांनी त्यासाठी रानटी चेस्टनटची फळे गोळा केली. युद्ध संपले, खनिज तेल स्वस्त झाले, आणि ही सारी विद्या मागे पडली. आता प्राज कंपनीने जेजुरीला वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आहे. त्याचे भवितव्यही प्रयोगशाळेइतकेच तेलाच्या पिंपाच्या भावावर अवलंबून राहील.

उसाच्या त्या तीन सोयी नसल्या म्हणजे काय होते, याचा पुरावा ‘सतत’ योजनेत आहे. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत पाच हजार संपीडित बायोगॅस प्रकल्पांचे स्वप्न होते. २०२५ पर्यंत चालू झालेले प्रकल्प शंभराच्या आसपासच राहिले. खरेदीदार होता, भाव होता, पण स्वच्छ, वर्गीकृत कच्चा माल रोजच्या रोज दारात येत नव्हता. पुणे महापालिकेने ठिकठिकाणी पाच-पाच टनांचे छोटे प्रकल्प उभारले. त्यांतले अनेक मिश्र कचऱ्याने गुदमरले. याउलट होळकरांच्या इंदूरने आधी घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करायला लावला आणि मग फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टनांचा प्रकल्प काढला. त्याची क्षमता दिवसाला सुमारे १७ हजार किलो वायूची आहे आणि तो शहराच्या बसगाड्यांना पुरवला जातो. क्रम महत्त्वाचा होता: आधी बादल्या, मागाहून टाकी.

आता हाच हिशेब वसईला लावून पाहू. समजा, वसई-नालासोपाऱ्याच्या मंडया आणि खाणावळी यांतून रोज ५ टन निवडलेला ओला माल मिळाला, आणि पश्चिम पट्ट्यातली चिरलेली खोडे त्यात मधूनमधून मिसळली. इंदूरचे प्रमाण धरले तर दिवसाला दीडशे किलोंच्या आसपास वायू मिळेल. म्हणजे १९ किलोंचे, हॉटेलवाले वापरतात तसले, सुमारे आठ सिलिंडर. एवढ्या विक्रीत कामगारांचे वेतन, वीज, दुरुस्ती आणि भांडवलाचा हप्ता भागणार नाही. असे प्रकल्प बुडतात ते येथेच. उद्घाटनानंतर दोन वर्षांनी ठेकेदार निघून जातो आणि टाकीत गवत उगवते.

पण हिशेबाच्या वहीत आणखी दोन रकाने आहेत. ५ टन कचरा गोखिवऱ्याला वाहून नेण्याचा आणि तेथे तो सांभाळण्याचा जो खर्च महापालिकेचा वाचला, तो तिने प्रकल्पाला दर टनाच्या हिशेबाने रोखीने द्यायला हवा. आज हा वाचलेला पैसा कोणाच्याच खात्यात दिसत नाही, म्हणून प्रकल्प तोट्यात दिसतो. दुसरा रकाना रबडीचा. वायू निघून गेल्यावर नत्र, स्फुरद, पालाश सारे रबडीतच राहते. ते वाडीत परत गेले तर खोड देणाऱ्याचे नुकसान होत नाही आणि राबाच्या वेळचा तंटाही उद्भवत नाही. खोडाच्या मोबदल्यात पैसे न घेता वजनाच्या प्रमाणात रबडी घेण्याचा करार वाडीवाल्याला अधिक सोयीचा पडेल, असे मला वाटते.

वाडीवाला गिऱ्हाईक झाला म्हणजे दुसराही लाभ होतो. काचेचे तुकडे, सुया, प्लॅस्टिक असलेली रबडी तो आपल्या पानवेलीच्या मुळाशी घालू देणार नाही. आरोग्य निरीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा त्याचा नकार शहराला अधिक शिस्त लावील. अर्थात, ‘शहराची घाण आमच्या गावात नको’ ही पश्चिम पट्ट्याची भावना रास्त आहे. २००९ साली महापालिका झाली तेव्हा या गावांनी तिच्यात जाण्यास केलेला विरोध कोणी विसरलेले नाही. म्हणून प्रकल्प महापालिकेने गावावर लादता कामा नये. टाकी शहराच्या हद्दीत मंडईजवळ असावी आणि गावात यावी ती तपासलेली रबडी. तिच्या वाटपासाठी वाडीवाल्यांची सहकारी संस्था असावी. १९१८ पासून सहकारी बँक चालवणाऱ्या तालुक्याला ही गोष्ट नवी नाही.

यासाठी पहिली गरज आकड्यांची आहे. कोणत्या मंडईत रोज किती ओला माल निघतो, कोणत्या महिन्यात किती खोडे तुटतात, यांचे वजन कोणी तरी करायला हवे. सुरुवात निर्मळच्या यात्रेपासून करता येईल. केळीची पाने, उसाची चिपाडे, निर्माल्य, खाद्यपदार्थांच्या दुकानांतले खरकटे, असे सर्व प्रकार यात्रेत एकाच जागी, ठरलेल्या तिथीला गोळा होतात. अर्थशास्त्राच्या द्वितीय वर्षाच्या वीस विद्यार्थ्यांना पाळ्या लावून द्याव्यात. एक काटा, चार पिंपे आणि एक वही, एवढे साहित्य पुरेल.